झालं, झालं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते ओपीडीत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. आडवा माणूस आणि उभा माणूस यांत एवढा फरक पडतो की आयसीयूत काम करणाऱ्यांना आपलेच पेशंट बाहेर भेटले तर परके वाटतात. मी तिथली फिजिओथेरपिस्ट, छातीतला कफ सुटावा म्हणून पाठीवर थापटणारी. सहा दिवस मी त्यांना रोज दोनदा पाहिलं होतं. पण पाहिलं म्हणजे काय, तर व्हेंटिलेटरची घशातली नळी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली अर्धा झाकलेला चेहरा, वाढलेली पांढरी दाढी, आणि बराचसा वेळ नुसती पाठ. समोर उभे होते ते केस चापून बसवलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले एक कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेले, गृहस्थ. आतडं फुटून मध्यरात्री ऑपरेशन झालेलं, पोटावर छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत टाके, आणि नंतर उजव्या फुप्फुसात कफ भरलेला. हातातली कापडी पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली साळदाटी केळ्यांची फणी होती, वरचा कागद पावसाने ओला झालेला. "बाय, तूच ना ती?" ते म्हणाले. "तोंड पाहिलं नव्हतं तुझं. आवाजावरून ओळखलं."

त्यांचा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होते. नळी काढली त्या दिवशी मी रजेवर होते आणि परत आले तोवर ते वॉर्डात गेले होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. जेवण जातंय का, टाके ओढतात का, खोकताना पोटावर उशी धरता का, श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र अजून ओढता का. सगळ्यांची नीट उत्तरं दिली त्यांनी. मग थोडं थांबून म्हणाले, "एक बोलू? राग धरू नको. तू 'झालं, झालं' म्हणायचीस ना पाठीवर थापटताना, ते झालेलं नसायचं गो."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पाऊस यंदा उशिरा आला, असं सांगावं तसं ते सांगत होते. गावच्या देवळात चाळीस वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. त्यांनी मोजलं होतं. "तुझं पहिलं 'झालं' आलं की मी मनात ठेका धरायचो. दहा आवर्तनं व्हायची, कधी बारा. मग तुझे हात थांबायचे." आणि मग, शिकवणाऱ्याच्या स्वरात, "तुझा डावा हात जड पडतो. उजवा बरा आहे."

भजनी ठेक्याचं आवर्तन आठ मात्रांचं. दहा आवर्तनं म्हणजे ऐंशी थापा.

काय बोलावं ते मला सुचेना. तेच उलट माझी समजूत काढायला लागले, अगो बऱ्यासाठीच ना ते, केळी दोन दिवस ठेव मग खा. त्या रात्री वीज गेली होती, कौलांवर पाऊस एकसारखा कोसळत होता, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात उशी पुढ्यात घेऊन बसले. रोज जशी थापटते तशी थापटायला लागले, ओठांवर आपोआप 'झालं, झालं' आलं, आणि तिथून मी मोजलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा केलं, शहात्तर. मी डावखुरी आहे, हेही त्यांना माझी पाठीमागची ओळख असताना कळलं होतं. आयसीयूतल्या माणसांच्या आठवणींवर भरवसा ठेवता येत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो. गुंगीत त्यांना भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेली भावंडं उशाशी येऊन बसतात, आपण बोटीत आहोत असं वाटतं. तसं खरंच होतं. पण या माणसाच्या आठवणीत एक आकडा होता आणि तो बरोबर होता.

'झालं' हा आपल्या घराघरांतला शब्द. पायातला काटा काढताना, गुंता झालेल्या केसांतून फणी ओढताना, सुई टोचताना, जखमेवर हळद दाबताना आई तेच म्हणते. काटा अजून अर्धा आत असतो आणि ती म्हणते, झालं बघ, झालं. मीही तिच्याकडूनच उचलला असणार. पण आईच्या पुढ्यातलं पोर पाय ओढून घेतं, भोकाड पसरतं, वेळ पडली तर चावतं. तिच्या 'झालं'ला उत्तर असतं. पलंगावरच्या त्या माणसाच्या घशात नळी होती. त्याने ऐकलं, पहिल्या दिवशी विश्वास ठेवला, दुसऱ्या दिवशी मोजायला सुरुवात केली.

हे काम बाहेरून बघणाऱ्याला मारहाणच वाटते. नातेवाईक काचेतून बघतात आणि तोंड फिरवतात. हाताचा तळवा पाण्याची ओंजळ उलटी केल्यासारखा पोकळ करायचा आणि बरगड्यांवर दोन्ही हातांनी आळीपाळीने थापटायचं. हात नीट पोकळ असेल तर आवाज भरीव, गोल येतो, सपाट पडला तर चपराक. शिकताना आम्ही महिनाभर एकमेकींच्या पाठीवर तो आवाज शोधत होतो. भरलेल्या छातीवर हाताखाली एक घरघर लागते, भात रटरटताना झाकणाला लागते तशी, आणि ती जागची हलली की कळतं, सुटलं. मग श्वास बाहेर पडताना तळव्याने छाती थरथरवायची, आणि शेवटी सक्शनची बारीक नळी आत घालून कफ ओढून घ्यायचा. पंधरा सेकंदांच्या वर नाही, कारण तेवढा वेळ त्या माणसाचा श्वासही ओढला जातो. कफ निघाला, ऑक्सिजन चढला, एक्स-रेवरचा पांढरा डाग दुसऱ्या दिवशी विरळ झाला की जो आनंद होतो तो मी नाकारणार नाही. त्यासाठीच मी या कामात आहे. थापटण्याचा नेमका फायदा किती, यावर आमच्या धंद्यातच आता एकमत उरलेलं नाही. नुसतं कुशीवर वळवून, बसवून, पिशवीने मोठे श्वास देऊनही पुष्कळ काम होतं असं मानणारे बरेच आहेत, आणि मी हळूहळू त्यांच्या बाजूला झुकते आहे. ऐंशी थापांपैकी किती खरोखर लागत होत्या, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो.

पण मला त्या रात्री जे सुचलं ते थापांबद्दल नव्हतं. ते मी कुठे उभी असते याबद्दल होतं.

उजवं फुप्फुस मोकळं करायचं तर माणसाला डाव्या कुशीवर वळवतात. सिस्टर समोरून त्याचा खांदा आणि कंबर धरून उभी राहते, आणि मी पाठीशी. म्हणजे दुखवणारे हात एका बाजूला आणि दुखलेला चेहरा दुसऱ्या बाजूला. इतकी वर्षं मी हे काम करते आहे आणि एकाही माणसाचा चेहरा मी त्या क्षणी पाहिलेला नव्हता. मला दिसते मानेची शीर, कानामागे गेलेली पट्टी, गाऊनच्या सुटलेल्या नाड्या, खाली चादरीतून बाहेर आलेली पावलं. आणि समोरचा मॉनिटर. मी बघायचे ते मॉनिटरकडे. नाडी वाढली की हात हलका करायचा, असा माझा हिशेब. पण नाडी तर तापाने वाढते, खोकल्याने वाढते, नुसतं कुशीवर वळवल्यानेही वाढते, आणि ज्याला नाडी आटोक्यात ठेवायचं औषध चालू आहे त्याची कितीही दुखलं तरी फारशी वाढत नाही. २०१८ साली आयसीयूतल्या वेदनेबद्दल जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांत हे स्पष्टच म्हटलं आहे की नाडी, रक्तदाब, श्वासाची गती यांवरून एकट्याने दुखणं ठरवू नका. ते आकडे फार तर दारावरची टकटक आहेत. टकटक ऐकून दार उघडून आत बघायचं असतं. आणि काम संपल्यावर मी फाइलमध्ये काय लिहायचे? 'टॉलरेटेड वेल.' म्हणजे छान सहन केलं. सहाही दिवस, दोन्ही वेळा, बारा वेळा मी ते लिहिलं असणार, कारण मी दुसरं काही लिहीतच नसे.

बोलू न शकणाऱ्या माणसाचं दुखणं मोजायच्या पट्ट्या आहेत, आणि मला त्या ठाऊक नव्हत्या असंही नाही. परीक्षेत लिहिल्या होत्या. २००१ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या डॉक्टरांनी मांडलेली एक, बिहेवियरल पेन स्केल. चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं या तीन गोष्टी बघायच्या आणि प्रत्येकीला एक ते चार गुण द्यायचे. चेहरा सैल असेल तर एक, भुवया खाली ओढल्या गेल्या तर दोन, डोळे घट्ट मिटले तर तीन, सगळा चेहरा पिळवटला तर चार. हात नुसते पडून असले तर एक, आणि मग थोडे दुमडणं, बोटं आवळून पूर्ण दुमडणं, कायमचे आखडून धरणं अशा पायऱ्या. बेरीज तीन ते बारा. म्हणजे अगदी शांत निजलेल्या माणसालाही तीन. शून्य या पट्टीवर नाहीच. ती बनवणाऱ्यांनी गणिताच्या सोयीसाठीच तसं केलं असेल, पण मला ते फार बरं वाटतं. दुसऱ्याच्या दुखण्याला शून्य म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, असं ती पट्टी म्हणते आहे असं मी धरून चालते. दुसरी पट्टी कॅनडातली, २००६ सालची. तिच्यात हात स्वतः हलक्याने दुमडून बघायचा, स्नायू विरोध करतात का ते. तिची बेरीज शून्य ते आठ, आणि तीन किंवा त्याहून जास्त झाली की काहीतरी करायचं. पहिल्या पट्टीवर पाचाच्या पुढे.

पट्टी हातात घेऊन उभं राहिलं की तिच्या फटी दिसायला लागतात. नळी ओढून काढू नये म्हणून त्या काकांची मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. बांधलेला हात दुमडणार कसा, आणि दुमडला नाही म्हणून मी एक गुण देणार कसा? आणि खोकला. व्हेंटिलेटर असताना खोकला आला तर पट्टीवर गुण वाढतात. पण आमचं तर कामच ते आहे, खोकला यावा म्हणूनच आम्ही एवढा खटाटोप करतो. तो आला की मी आणि सिस्टर खूश होतो. मग त्या वाढलेल्या गुणात दुखणं किती आणि आमचं यश किती? मी आता असं करते की खोकला ओसरल्यावर थांबून बघते. कफाचा खोकला निघून गेला की भुवया सैल होतात. दुखण्याच्या भुवया तशाच राहतात. हे कुठे वाचलेलं नाही, माझं निरीक्षण आहे, चुकतही असेल. आणि स्नायू सैल पाडणारं औषध चालू असलेल्या माणसापुढे तर सगळ्याच पट्ट्या मुक्या होतात. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटूच शकत नाही.

बोलणाऱ्या माणसांचं तरी कुठे सोपं असतं. शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं आम्ही विचारतो, आणि पेडण्याहून, डिचोलीहून आलेली म्हातारी माणसं आमच्याकडे नुसती बघतात. दहा कशाचे? पण त्यांच्याकडे स्वतःची पट्टी आहे, तिला आपण विचारत नाही एवढंच. "काल होतं त्यात चार आण्यांचा फरक आहे." "आठ आणे कमी झालं, पण रात्री पुन्हा बारा आणे." हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आणा व्यवहारातून जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुखण्यात तो अजून चालतो. आमच्या आजीचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, तेव्हा इथे रुपयाचे सोळा तांगे असायचे. भारतातला जुना रुपयाही सोळा आण्यांचाच, म्हणून पुढे आणे तिला परके वाटले नसावेत. आणि आकडा बाजूला ठेवला तर शब्द किती आहेत आपल्याकडे. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, सणक जाते, जखम चुरचुरते, ठसठसते, हुळहुळते, टाके ओढतात, पोटात पीळ पडतो. नुसत्या शब्दावरून कळतं की दुखणं स्नायूचं आहे, हाडाचं आहे की कातडीचं. 'उसण भरली' म्हणणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही, तो श्वास अर्धाच का घेतो ते कळतं. घशातली नळी हे सगळं शब्दभांडार एका झटक्यात बंद करते. मग उरतं काय, तर भुवई.

आमची आजी मात्र शब्द असूनही वापरायची नाही. कमरेचं हाड मोडून ती माजघरात पडून होती तेव्हा कोणीही विचारलं, आजी दुखतं का, तर उत्तर एकच. काय नाही गो. डॉक्टर यायचे, त्यांनाही तेच. पण ती पदराच्या काठाच्या चुण्या करायची. अंगठा आणि तर्जनीत काठ धरून एकीवर एक बारीक चुणी बसवत जायची, सोडायची, पुन्हा बसवायची. संध्याकाळी आई तिचं लुगडं बदलायला जायची आणि काठाकडे बघून बाहेर येऊन बाबांना सांगायची, आज फार दुखलंय तिला, गोळी आत्ताच देऊया. मला त्या वयात तो जादूचा प्रकार वाटायचा. आता वाटतं, आईने जे केलं तेच आम्ही करायचं आहे, फक्त आमच्याकडे त्या माणसाबरोबर काढलेली चाळीस वर्षं नसतात.

म्हणून आता मी बाहेर जाऊन विचारते. काचेपलीकडच्या त्या लोखंडी बाकांवर, थर्मास आणि प्लास्टिकच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या बायका असतात, मुलगे असतात. आम्ही त्यांच्याकडे जातो ते सही घ्यायला, नाहीतर औषधांची चिठ्ठी द्यायला. मी विचारते, घरी दुखलं-खुपलं की हे काय करतात हो? पहिल्यांदा त्यांना प्रश्नच कळत नाही. मग एकदम उजळतात. एक मुलगा म्हणाला, बाबा डोकं दुखलं की डावा डोळा मिटतात, उजवा नाही. एक सून म्हणाली, आमच्या सासूबाई दुखलं की गप्प होतात, एरवी त्यांचं तोंड बंद नसतं. गप्प होणं नळीपुढे काय कामाचं, पण डाव्या डोळ्याचं मी सिस्टरला सांगितलं आणि ती तिथेच बघत राहिली. ज्याला स्वतःला सांगता येत नाही त्याच्या दुखण्याबद्दल घरच्यांना विचारावं, हेही त्या २०१८च्या कागदात आहे. मी ते वाचलेलं होतं. वाचणं आणि लोखंडी बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसणं यांत माझी काही वर्षं गेली.

ओपीडीतली एक गोष्ट वर सांगायची राहिली. खरं तर मी ती मुद्दाम मागे ठेवली, कारण मला ती लिहायला जड जातंय. ते काका बोलत होते तेवढ्यात काकी औषधाच्या रांगेतून आल्या. छत्री दाराशी टेकवली, हात पुसले. नवरा काय सांगतोय ते त्यांनी क्षणभर ऐकलं आणि मला म्हणाल्या, "अगो, यांना दुखतं ते कळायला सोपं आहे. तोंडावर काय दाखवायचे नाहीत. पायाचा अंगठा बघायचा. तो बाजूच्या बोटावर चढून बसतो. लग्न झालं तेव्हापासून बघतेय."

मी तो अंगठा पाहिला होता. पाठीशी उभी राहून मला चेहरा दिसत नव्हता, पण पावलं दिसत होती. चादर आखूड होती आणि दोन्ही पावलं बाहेर यायची. उजव्या पायाचा अंगठा आडवा होऊन शेजारच्या बोटावर दाबून बसलेला, नख पांढरं पडलेलं. आयसीयूत थंडी फार असते, माझेच हात मी चोळून गरम करून मग त्यांच्या पाठीला लावायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचे पाय गारठलेत. मी एका हाताने चादर खाली ओढून ती पावलं झाकली आणि पुन्हा थापटायला लागले. आणि म्हटलं, झालं काका, झालं.

हे एकदाच झालं असेल की रोज, मला आठवत नाही. एकदा नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांशी बोलले. मोठं काही नव्हतं, वेळेचं होतं. सकाळी सहाला पॅरासिटामॉलची बाटली लागायची, आठला सिस्टर चार्टवर वेदनेचा आकडा लिहायची, आणि मी जायची साडेनऊच्या पुढे, दुसऱ्या राउंडला तर अकरा. आठ वाजता त्या माणसाला कोणी हातही लावत नसतं. तेव्हाचा आकडा खरा असतो, पण तो निजलेल्या पोटाचा आकडा असतो. खोकणाऱ्या पोटाचा आकडा वेगळा, आणि तो लिहायला चार्टवर रकानाच नव्हता. आता आम्ही तीनदा बघतो, हात लावायच्या आधी, करताना, आणि संपल्यावर थोड्या वेळाने. आधीच पाचाच्या पुढे असेल तर मी थांबते. फेंटानिल हे वेदनेचं औषध शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत लागू पडायला लागतं, तेवढं थांबायला काय झालं? त्याची भीतीही खरी आहे. हीच औषधं श्वास मंद करतात, जास्त झाली तर माणूस खोकायचाच विसरतो आणि मग माझं काम फुकट. पण न दुखवता ठेवलेलं पोट खोल श्वास घेतं आणि दुखणारं पोट श्वास वरच्या वर उचलतं, फुप्फुसाचा तळ मिटत जातो, कफ साचतो, आणि तो काढायला पुन्हा मीच येते. हे चक्र मी पाठ करून उत्तीर्ण झाले. त्यातला दुखणाऱ्या पोटाचा आरा माझ्या कामाचा आहे, तो फक्त डॉक्टरांचा आणि सिस्टरचा नाही, हे मला एका पखवाजवाल्याने सांगितलं.

आणि समोर उभ्या असलेल्या सिस्टरला मी आता बोलायला लावते. आमच्याकडे काणकोणची एक नवीन मुलगी आहे, शांत. पहिल्या दिवशी तिला सांगितलं, तू माझे डोळे, तुला दिसतंय ते सांगत राहा. तिला अवघड गेलं. पेशंटच्या तोंडावर त्याच्याबद्दल कसं बोलायचं, म्हणाली. मग आम्ही पट्टीतले चेहऱ्याचे आकडे ठरवले. मी थापटते आणि ती मधेच हळू आवाजात सांगते, दोन. दोन. तीन, मॅडम. तीन आलं की मी हात उचलत नाही, नुसते टेकवून ठेवते. तळव्याखाली श्वास येतो, जातो. 'दोन' आलं की पुढे. एकदा तिने 'चार' म्हटलं आणि मी पलंगाला वळसा घालून समोर गेले. बाईंचे डोळे मिटलेले होते, नळीभोवती ओठ मागे ओढलेले, आणि मिटलेल्या पापणीतून पाण्याची एक रेघ उशीकडे उतरलेली. त्या वेळचं काम मी तिथेच थांबवलं. कफ राहिला. दुपारी डॉक्टरांनी वेगळं औषध लिहिलं, संध्याकाळी पुन्हा गेले, तेव्हा निघाला. ती दुपार मात्र माझी काळजीत गेली. थांबणं बरोबर होतं की नाही ते संध्याकाळपर्यंत मला ठाऊक नव्हतं, आणि कफ निघाला म्हणून ते बरोबर होतं असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

'झालं' मी बंद केलंय. सुरुवातीला फार जड गेलं, तोंड आपोआप उघडायचं. त्याऐवजी मी आधी सांगते, आता चार आवर्तनं, मग थांबणार. आणि मोजते, मोठ्याने, आठ-आठचे. ज्याला आत मोजायचं असेल त्याचा आणि माझा हिशेब एक राहावा म्हणून. चादर पावलांवरून मी मुद्दाम वर सरकवून ठेवते, आणि थंडी वाजू नये म्हणून पोटऱ्यांवर टॉवेल टाकते.

गेल्या आठवड्यात एक तरुण मुलगा आला आहे, न्यूमोनियाचा. दोन्ही फुप्फुसं भरलेली, व्हेंटिलेटरशी झगडू नये म्हणून स्नायू सैल पाडणारं औषध चालू. पापणीही हलत नाही. काणकोणची सिस्टर समोर उभी राहून बघते आणि तिच्याकडे सांगायला काही नसतं. एक, एक, एक. जागतिक वेदना संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, तिच्या खालच्या टिपांत म्हटलं आहे की सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. झोपेचं आणि वेदनेचं औषध त्याला पुरेसं चालू आहे याची मी डॉक्टरांकडून रोज खातरजमा करून घेते. हात चोळून गरम करते. त्याच्या कानाशी वाकून सांगते, मी आले आहे, पाठीवर थापटणार आहे, चार आवर्तनं. मग मोजायला लागते.

काल सिस्टरने विचारलं, "मॅडम, हा तर पूर्ण झोपेत आहे. कोणासाठी मोजता?"

मी तिसऱ्या आवर्तनात होते. मान हलवली आणि पुढे मोजत राहिले. पाच, सहा, सात, आठ.